विहारातली गिटार आणि पाव फेरा

एखादी वस्तू वाकडी दिसली की ती पिळूनच सरळ करायची असते, हे तुम्हाला कुणी शिकवलं? उत्तर मला देऊ नका, स्वतःला द्या. मी ज्या गिटारीबद्दल लिहिते आहे तिला आमच्या वस्तीतल्या चांगल्या, कष्टाळू, समाजाचं भलं चिंतणाऱ्या माणसांनी जवळजवळ मारलं होतं. आणि त्यातल्या प्रत्येकाला आपण तिला वाचवतोय असंच वाटत होतं.

आम्ही कसबा बावड्याला राहतो. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झाले. नोकरीत असताना आणि नंतरही त्यांचं खरं काम पत्रकं काढण्याचं. नळाला पाणी नाही, पत्रक. वस्तीच्या तोंडाला दारूचा गुत्ता निघाला, पत्रक. जयंतीच्या वर्गणीचा हिशोब कुणी सांगितला नाही, पत्रक. आमच्या कॉटखाली गुलाबी आणि पिवळ्या कागदांचे गठ्ठे असायचे, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्या छपाईआधीच्या कच्च्या प्रतींवर. त्यामुळं मला आजही एखादी गोष्ट पटली नाही की वाक्याच्या आधी मथळा सुचतो. पुढं मी कामाला लागले तेही छापखान्यात.

त्यांचं एक पत्रक इथं सांगावं लागेल. विहाराचा स्पीकर एकदा कमिटीतल्या एका सदस्याच्या घरी बारशाला गेला आणि त्याच घरातल्या दुसऱ्या बारशापर्यंत परत आला नाही. वडिलांनी पत्रक काढलं, 'समाजाची वस्तू समाजाच्या छताखाली'. ते इतकं गाजलं की कमिटीनं तोच मथळा विहाराच्या भिंतीवर निळ्या अक्षरात रंगवून घेतला. त्या दिवसापासून सतरंजी असो की पाण्याचा पिंप, विहारातली वस्तू कुणाच्या घरी जात नाही. नियम चांगला आहे. मी आजही तेच म्हणते.

गिटार मी उन्हाळ्यात घेतली. हॉस्टेल सोडून चाललेल्या एका विद्यार्थ्याकडून, वापरलेली. तारा मानेच्या इतक्या जवळ होत्या की बोट नुसतं टेकवलं तरी सूर लागायचा. घरात आणली तेव्हा वडिलांनी विचारलं, "हे कशाला?"

कशाला ते सांगते. माझे आजोबा हलगी वाजवायचे. धर्मांतरानंतर त्यांनी ती खुंटीला अडकवली ती कायमची. हलगी वाईट नाही, तिच्यासारखं बोलणारं वाद्य मी दुसरं ऐकलेलं नाही. पण ती आमच्या हातात दुसऱ्यांनी ठेवली होती, आम्ही उचलली नव्हती. मला मुलींच्या हातात असं वाद्य द्यायचं होतं जे त्यांनी स्वतः उचललंय. आमच्या विहारात गाणी होतात, हार्मोनियम आहे, ढोलकी आहे, दोन्ही पुरुषांच्या मांडीवर. मुली मागं बसून कोरस धरतात.

म्हणून मी गिटार विहाराला देऊन टाकली आणि कमिटीकडं मुलींना शिकवायला रविवारची सकाळ मागितली. कमिटीचे अध्यक्ष आमच्या शेजारचेच काका. ते म्हणाले, "वर्षावासापुरती देतो. समापनाला पोरींनी वाजवून दावायचं. वाजलं तर हॉल तुमचा. न्हाय वाजलं तर पोरांचं कॅरम परत सुरू." आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्याकडं रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालतं, त्याला वर्षावास म्हणतात. शेवटी समापनाचा कार्यक्रम असतो. म्हणजे माझ्याकडं एक पावसाळा होता. तीन मुली आल्या. त्यातली अकरावीतली सगळ्यात हट्टी होती. तिची आई म्हणाली होती, विहारात असलं तरच पाठवीन, दुसरीकडं न्हाय. हॉल गेला की त्या मुलीचं शिकणं गेलं, इतकं ते साधं होतं.

गिटार समाजाची झाली, म्हणून समाजाच्या छताखाली राहिली. विहाराची एक भिंत नदीच्या अंगाला आहे. छत पत्र्याचं. आम्ही गिटार त्याच भिंतीवर खुंटीला अडकवली, कारण तिथं सगळ्यांना दिसत होती. पाऊस लागला तशी भिंत खालून काळी पडत वर चढत गेली. सतरंज्यांना वास येऊ लागला. आणि गिटारीच्या तारा वर उठू लागल्या.

हे एका दिवसात झालं नाही. आधी मुली म्हणाल्या, बोटं दुखतात. मी म्हटलं, सुरुवातीला दुखतात. मग अकरावीतल्या मुलीनं बोटांची टोकं दाखवली, तिथं कातडी सोलली होती. तारा दाबायला इतका जोर लागत होता की मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी मधल्यांवर सूर धरताच येईना. एक मुलगी दोन रविवार आलीच नाही. अध्यक्ष काका दारातून डोकावले.

"आवाज का येईना गं?"

"काका, ओल धरलीया तिनं."

"मग शेकवा की! हलगी गारठली की आमी शेकवत हुतो. जाळ करायचा, चटका द्यायचा, लगीच टणाटण."

"ही कातड्याची न्हाय, लाकडाची हाय. शेकली तर चहा हुईल तेवढाच."

"मग पोरींना टाळ्या वाजवू देत. टाळीला ओल लागत न्हाय," म्हणाले आणि हसत गेले. त्यांनी सहज म्हटलं होतं. मला ते आठवडाभर चावत राहिलं.

घरी मी दादाला सांगितलं. माझा भाऊ कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फिटर आहे. आमच्या शहरात यंत्राला हात लावायला कुणाची परवानगी लागत नाही. पंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत काहीही बिघडलं तरी घरातला कुणीतरी पाना घेऊन पुढं होतो. दादानं मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ बघितले आणि रविवारी माझ्यासोबत विहारात आला.

गिटारीची मान नुसती लाकडाची नसते. आत, लांबीभर, एक पोलादी सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. सहा तारा ताणल्या की मान पुढं वाकू बघते, आणि ही सळई तिला मागून धरून ठेवते. सळईच्या टोकाला नट असतो. आमच्या गिटारीत तो पोटावरच्या गोल भोकातून आत, मानेच्या मुळाशी होता. एलन की, म्हणजे सहाकोनी वाकडा पाना, घालून नट आवळला की मान मागं जाते, सैल केला की पुढं येते. बस, एवढंच आहे ते. पण ते मला तेव्हा अर्धंच कळलं होतं, आणि दादाला त्याहून जास्त कळल्यासारखं वाटत होतं.

"ढिलं हाय हे," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"आवळून बघितल्यावर कळतं की."

त्यानं आवळलं. तारा खरोखरच थोड्या खाली आल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. अकरावीतल्या मुलीनं तेवढ्यात एक अख्खा सूरमेळ, म्हणजे कॉर्ड, धरला आणि तो वाजला. आम्ही चहा प्यालो. पुढच्या रविवारी तारा परत वर. दादा परत आला, परत आवळलं. भाद्रपदात तो येताना एलन की खिशातच ठेवायचा. एकदा तर अध्यक्ष काकांनीच त्याला रस्त्यात थांबवलं, "काय फिटर, गिटार आवळायला निघालाय व्हय?" आता वरच्या पट्ट्यांजवळ तारा खरखरत होत्या, पण दाबता येत होत्या, आणि सुटलेली मुलगी परत आली होती. मला वाटलं जमलं.

मग पाऊस थांबला. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर पडलं आणि हॉल भट्टीसारखा तापू लागला. भिंतीवरची काळी रेघ खाली उतरली. समापन दहा-बारा दिवसांवर होतं. रविवारी अकरावीतल्या मुलीनं गिटार खुंटीवरून काढली, हात फिरवला, आणि सूरच नाही. सहाही तारा मानेवर आपटत होत्या. डब्यात गांधीलमाशी कोंडावी तसा आवाज. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "ताई, मी काय केलं?"

तिनं काहीच केलं नव्हतं, आणि पहिला प्रश्न तिनं तोच विचारला. त्याचा मला राग आला. गिटारीचा नाही. आमच्या मुली कोणतीही वस्तू बिघडली की आधी स्वतःचा हात बघतात, त्याचा.

दादा आला. त्यानं खिशातून एलन की काढली. "अजून आवळू काय?"

"थांब."

"थांबून काय हुणार? गाठलंय की समापन."

"दादा, हात काढ आधी."

मी त्याच्या पिशवीतली स्टीलची फूटपट्टी घेतली आणि मानेवर उभी ठेवली. दोन्ही टोकांना फट, मध्ये टेकलेली. मान मधेच उंट झाली होती. मग पट्टी पोटाच्या फळीवर ठेवली. पोट जवळजवळ सपाट होतं. पण श्रावणात ते सपाट नव्हतं. मुली खाली बसून वाजवायच्या तेव्हा मला ते वर आलेलं दिसायचं, आणि मी ते गिटारीचं पोटच तसं असतं असं धरून चालले होते.

छापखान्यात हे मी दर पावसाळ्यात बघते. कागदाची रिम दमट हवेत उघडी राहिली की फुगते, कडा लाटांसारख्या होतात, मशीन दोन-दोन कागद एकदम ओढतं. नवा माणूस आला की तो मशीनचे स्क्रू पिळत बसतो. मशीनला काही झालेलं नसतं. कागद पाणी प्यालेला असतो. तो गुंडाळून ठेवायचा, छापायच्या आदल्या दिवशी मशीनच्या खोलीत आणायचा, आणि वाट बघायची. लाकूड म्हणजे तरी काय, न केलेला कागदच.

पावसात फुगलं होतं ते पोट. पोट फुगलं म्हणून त्याच्यावरची घोडी, जिच्यात तारांची खालची टोकं अडकवलेली असतात ती, वर उचलली गेली, घोडीबरोबर तारा. मान जिथल्या तिथं होती. आम्ही पोटाचं दुखणं मानेवर काढलं, दर रविवारी, मायेनं. आता हवा कोरडी झाली, पोट आपोआप खाली बसलं, आणि मान मात्र आम्ही वाकवली तशीच राहिली.

मी हे दादाला सांगितलं. त्यानं पट्टी घेऊन स्वतः मानेवर ठेवून बघितली. मग म्हणाला, "म्हंजी ढिलं करायचं."

"व्हय. पण पाव फेरा. मग उद्यापर्यंत हात लावायचा न्हाय."

"पाव फेरा? पाव फेऱ्यानं काय बी हुत न्हाय. कंपनीत असं पाव-पाव करत बसलो तर सायब मला गेटाच्या भाईर काढंल."

"लोखंड लगीच सांगतं. ह्ये लाकूड हाय, उद्या सांगंल."

त्यानं नट फिरवला. आतून 'कट्ट' असा आवाज आला. दादाचा चेहरा उतरला. सळई तुटली असती तर मान उकलल्याशिवाय ती बदलता येत नाही, आणि मान उकलायची म्हणजे ती गिटार गेलीच. त्यानं हळूच परत बोट लावून बघितलं. धरून होती. नट इतका आवळला होता की सुटताना ओरडला.

आता खरी अडचण सुरू झाली. तो हॉल दिवसा पत्र्याखाली तापतो, रात्री नदीची गार हवा घेतो. अशा ठिकाणी मान आज इकडं, उद्या तिकडं. शिवाय हॉलची किल्ली अध्यक्ष काकांकडं, आणि मला सकाळ-संध्याकाळ पट्टी लावून बघायचं होतं. गिटार घरी नेणं भाग होतं. आणि भिंतीवर निळ्या अक्षरात माझ्या वडिलांचं वाक्य होतं.

मी घरी येऊन वडिलांना, आप्पांना, विचारलं. ते भाकरी खात होते.

"न्हाय," ते म्हणाले.

"आप्पा, मरंल ती."

"मग विहारातच बसून बघ. कोण न्हाय म्हणतंय?"

"खोलीच वाईट हाय तिथली."

"स्पीकर नेणारा पण हेच म्हणला हुता. विहारात उंदीर हाईत, घरात नीट राहील म्हणून. तुझं कारण खरं, त्याचं खोटं, हे समाजानं कसं ओळखायचं? आज तुला सूट दिली तर उद्या कुणाला न्हाय म्हणू?"

मी त्यांचीच मुलगी आहे, आणि त्यांच्या जागी मीही तेच बोलले असते. आई मधेच म्हणाली, "तुमी दोघं पत्रकं काढा आता एकमेकांवर," आणि भाजी वाढली.

रात्रभर मी आप्पांना नियम मोडायला कसं लावायचं याचा विचार केला. सकाळी कळलं की तो प्रश्नच मी चुकीचा धरला होता. स्पीकर गेला ते घरी गेला म्हणून नाही. तो एकाच घरी गेला आणि कुणाला न सांगता गेला म्हणून गेला.

संध्याकाळी वाचन संपल्यावर मी उभी राहिले. सतरंजीवर वस्ती बसली होती. मी म्हटलं, गिटार मला नको. ती फिरू दे. प्रत्येक रविवारी, इथं, सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं की या आठवड्यात ती कुणाच्या घरी. पुढच्या रविवारी त्या घरच्या मुलीनं ती सगळ्यांसमोर आणून वाजवून दाखवायची. आज पहिलं घर माझं, कारण ती आजारी आहे. नंतर ओळीनं मुलींची घरं.

मागून कुणीतरी म्हणालं, "आणि फुटली तर?"

"आत्ता छताखाली काय धड हाय व्हय?" अकरावीतल्या मुलीची आई उभी राहिली. तिला मी विहारात कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "माझ्या घरात कोरडी जागा हाय. धान्याच्या कणगीवर ठेवीन. पोरगी रोज वाजवंल, तिथं तर हप्त्यातनं एकदाच वाजती."

सगळे आप्पांकडं बघू लागले. वाक्य त्यांचं होतं. त्यांनी भिंतीवरची निळी अक्षरं परत एकदा वाचली. मग म्हणाले, "समाजाचं छत म्हंजी पत्रा न्हाय. जिथं समाज बघतोय ते छत." आणि अध्यक्ष काकांना, "लिवून घ्या हे. भिंतीवर खाली जागा हाय."

"रंग कोण देणार?" काका म्हणाले. हॉल हसला, आणि ठराव झाला.

गिटार आमच्याकडं आली. दादा फिलर गेज घेऊन बसायचा. पोलादाच्या पातळ पात्यांचा तो जुडगा त्याचा स्वतःचा आहे, फट मोजायला. तार मानेवरच्या वरच्या एका आणि खालच्या एका पट्टीवर दाबून धरायची, आणि मधे ती मानेपासून किती उचलली आहे ते तो बघायचा. पहिल्या दिवशी पातं जाईना. दुसऱ्या सकाळी सगळ्यात पातळ पातं अडखळत गेलं. "आयला, रात्रीत हललं," तो म्हणाला, आणि आणखी पाव फेरा देऊन स्वतःच एलन की कपाटावर ठेवून दिली, हात उचलू नये म्हणून. असं थोडे दिवस चाललं. एका सकाळी मान पुढं किंचित झुकलेली दिसली, नेमकी हवी तेवढी. तारा मोकळ्या झाल्या. दादानं मग ती वाजवून बघितली. त्याला एकच सूर येतो, तो त्यानं खूप वाजवला.

समापनाला तीनही मुली पुढं बसल्या. गिटार एकीच्या हातात, पुढच्या गाण्याला दुसरीच्या, मग तिसरीच्या. सगळ्यात जाड तार अजून जरा खरखरत होती. वंदनेनंतरच्या शांततेत ती खरखर स्पष्ट ऐकू आली, पण सूर तिच्यापेक्षा मोठा होता. अकरावीतली मुलगी वाजवताना एकदाही आपल्या बोटांकडं बघत नव्हती. अध्यक्ष काका शेवटी माइकवर आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आवाज बारीक हाय. पण हाय." रविवारची सकाळ आमची राहिली.

ती गिटार आता फिरते. या पावसाळ्यात पोट परत फुगलं, थोडंसं. कुणी नटाला हात लावला नाही. कंपनीतल्या मालाच्या खोक्यांत येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या दादा टाकाऊतून निवडून आणतो. त्या पिशवीत ठेवतो, ऊन पडलं की वाळवतो. अकरावीतली आता बारावीत आहे आणि दोन नव्या मुलींना शिकवते. एका गिटारीवर पाच जणी झाल्यात, म्हणजे प्रत्येकीचा आठवडा महिन्यानं येतो. महिनाभरात बोटांची कातडी परत मऊ होते, आणि दुखणं पहिल्यापासून.

एक गिटार पुरत नाही, म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात, कपाटावर किंवा पलंगाखाली, कुणीतरी एकदा हौसेनं घेतलेली गिटार पडून असेल, तर आज ती खाली काढा. तारा उठल्या असतील, मान वाकली असेल, तरी पाना घेऊ नका, पिळू नका. तिला आठवडाभर कोरड्या खोलीत ठेवा. मग तुमच्या वस्तीतल्या, विहारातल्या, शाळेतल्या एखाद्या मुलीच्या हातात द्या, चार लोकांसमोर, मोठ्यानं सांगून.